हॉलिसची बाटली

फुजैराच्या आमच्या घराला तीन बेडरूम होत्या आणि त्यातली एक अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होती. हे वाक्य माझ्या आईचं. नवीन कुणी मराठी कुटुंब जेवायला आलं की घर दाखवताना ती हे हसत हसत सांगायची, आणि बाबा त्या दाराशी थांबून, देवघर उघडावं तशा अदबीनं कडी काढायचे. आत पलंगावर, कपाटात, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे बघावं तिथे जुन्या अमेरिकन फौजेचं सामान. पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, कमरेचे पट्टे, हेल्मेटच्या आतल्या चामड्याच्या पट्ट्या, घडी घालून ठेवलेली दोन जाकिटं, गळ्यात घालायचे नावाचे बिल्ले. बंदूक, गोळी, सुरी यातलं काही नाही. त्या बाबतीत बाबा पक्के घाबरट होते, आणि परक्या देशात राहणाऱ्या माणसानं घाबरट असावंच असं त्यांचं स्पष्ट मत होतं. खोलीला डांबराच्या गोळ्या, जुनं कॅनव्हास आणि कुणाचा तरी फार पूर्वीचा घाम, या तिन्हींचा मिळून एक वास यायचा. "बाबा, इट स्टिंक्स," मी म्हणायचे. "इतिहासाला वास असायचाच, मिनू. नाक धर आणि ये," असं म्हणून ते मला आत ओढायचे.

बाबा बंदराजवळच्या तेलाच्या टर्मिनलवर सुपरवायझर होते. समुद्रात नांगर टाकून उभ्या राहिलेल्या जहाजांना इंधन पुरवायचं, टाक्यांत किती तेल उरलंय ते मोजायचं, पाळीवर माणसं हजर आहेत की नाहीत ते बघायचं, असं त्यांचं काम. लढाईशी आमच्या घराण्याचा काडीचाही संबंध नाही. माझे आजोबा पिंजऱ्यात सापडलेला उंदीरही गावाबाहेर नेऊन सोडून यायचे. हा नाद बाबांना लावला तो रॉय साहेबांनी. रॉय हे टर्मिनलवरचे अमेरिकन इंजिनियर, साठीला टेकलेले, उन्हानं मान कायमची लाल झालेले. तरुणपणी ते फौजेत होते. त्यांनी एकदा बाबांना डबे उघडायची फौजेतली चिमुकली पत्र्याची चावी भेट दिली, अंगठ्याच्या पेराएवढी. बाबांनी ती आठवडाभर खिशात बाळगली, घरातला प्रत्येक डबा तिनंच उघडला, आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "असं अजून कुठे मिळत असेल गं?" आईनं कपाळाला हात लावला. "झालं! घ्या आता."

भंगाराला तेव्हा अमिरातीत तोटा नव्हता. इराणहून लाकडी लाँचा भरभरून जुनं लोखंड, दोरखंड, ताडपत्र्या यायच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौज इराणात रेल्वे आणि ट्रक चालवत होती, तिचं मागे राहिलेलं सामान त्या ढिगांतून अधूनमधून डोकं वर काढायचं. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात गुल खान नावाच्या पठाणाचं यार्ड होतं. शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही डोंगर ओलांडून तिकडे निघायचो. आई दशम्या, लसणीची चटणी आणि दह्याचा डबा घ्यायची, आणि मसाफी गावाच्या अलीकडे गाडी थांबवून बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही न्याहारी करायचो. गुल खान बाबांना लांबून बघूनच ओरडायचा, "आओ इंजिनियर साब, आज अमरीका का पूरा फौज आया है!" बाबा इंजिनियर नव्हते, पण त्यांनी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. मग काळा चहा, मग ढिगात हात. "हबीबी, ये तो बाद का है, पुराना किधर है?" बाबा विचारायचे. "साब, जो मेरे वालिद से पुराना, वो मेरे लिए पुराना." मग घासाघीस, आणि शेवटी पंधरा दिरहमवर खलास. गाडीत बसल्यावर आईचं सुरू व्हायचं, "पंधरा दिरहम म्हणजे पंचाहत्तर रुपये. एका फाटक्या पट्ट्याला पंचाहत्तर रुपये! अहो, सांगलीत साडी येते तेवढ्यात." बाबा म्हणायचे, "साडी सगळेच आणतात." आई खिडकीबाहेर बघून हसू दाबायची. त्या शुक्रवारांइतकी ती दोघं मला एकमेकांच्या जवळ पुन्हा दिसली नाहीत.

खरं तर वस्तू मिळवण्यापेक्षा ती ओळखण्यात बाबांचा जीव होता. घरी आलं की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि तपासणी सुरू. आधी शिक्का शोधायचा, माल पुरवणाऱ्याचं नाव आणि साल, बहुधा झाकणाच्या आत किंवा पाठीवर. पण शिक्का सापडला म्हणून हुरळून जायचं नाही, कारण नकली मालावरचा शिक्का अस्सलपेक्षा ठळक असतो. जुनी शाई धाग्यांत पसरून तिच्या कडा मऊ होतात, नवी शाई वरच्यावर बसून राहते. मग रंग. सुरुवातीचा माल वाळूसारखा फिका, नंतरचा हिरवट. मग शिवणीतून सुटलेलं धाग्याचं एक टोक काडीनं पेटवून बघायचं. सुती धाग्याची राख होते, नायलॉन वितळून त्याचा मणी होतो, आणि त्या काळच्या म्हणून घेतलेल्या पिशवीत नायलॉनचा धागा निघाला की समजायचं, आपल्याला कुणीतरी टोपी घातली. सगळ्यात शेवटी वास. नकली कॅनव्हास जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवतात, हे आईनंच पहिल्यांदा पकडलं. आमटीचं पातेलं घेऊन जाता जाता ती थबकली, पिशवी नाकाला लावली आणि म्हणाली, "अहो, हिला चहाचा वास येतोय. दूध तेवढं घालायचं राहिलंय." बाबांनी ती पिशवी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली आणि पुढे वर्षभर ही गोष्ट रॉय साहेबांना कौतुकानं सांगितली.

'रिप्रॉडक्शन' ही बाबांच्या तोंडातली सगळ्यात मोठी शिवी. कुणा माणसाचा राग आला तरी ते "अगदी रिप्रॉडक्शन आहे तो" असं म्हणायचे. त्या खोलीचे नियमही त्यातूनच आलेले. वस्तू आली तशी ठेवायची. धुवायची नाही, घासायची नाही, फाटली तर शिवायची नाही, आणि पुसट झालेलं अक्षर पुन्हा गिरवायचं तर नाहीच नाही. आज मी दुबईतल्या एखाद्या मॉलमध्ये 'व्हिंटेज' म्हणून टांगलेलं जाकीट बघते तेव्हा माझा हात अजूनही आपोआप शिवणीकडे जातो. माझी मुलगी म्हणते, "ममा, प्लीज, स्टॉप स्मेलिंग द क्लोद्ज." बाबांनी मला दिलेल्या गोष्टींतली ही एक, आणि ती मला आवडते. ज्या कडकपणानं ते हे सगळं पाळायचे तो मात्र मला आवडत नाही, आणि का ते आता सांगायलाच हवं.

त्याआधी आईचं थोडं सांगते. ती सांगलीला भरतकाम शिकली होती आणि तिच्या डोळ्यांत एक अजब ताकद होती. दुबईला दुकानाच्या काचेत साडीचा काठ बघायची, दुकानात पाऊलही टाकायची नाही, आणि घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो काठ जसाच्या तसा काढायची, कोयरीच्या पोटातल्या ठिपक्यांसकट. अक्षराचंही तेच. कुणाची सही एकदा नीट बघितली की ती रुमालावर हुबेहूब भरून द्यायची. फुजैरातल्या निम्म्या मराठी नवऱ्यांच्या खिशात आपापल्या सहीचे रुमाल होते. बाबांच्या सहीतला शेवटचा फराटा त्यांना स्वतःलाही दरवेळी सारखा जमायचा नाही, आईला जमायचा. "आमच्या घरी झेरॉक्सचं मशीन आहे, वीज लागत नाही, चहा लागतो," असं ते चारचौघांत सांगायचे. "बँकेत हा रुमाल दाखवला तरी पैसे देतील!"

हॉलिसची बाटली आम्हाला गुल खानच्या यार्डात एका फाटक्या ताडपत्रीखाली मिळाली. ॲल्युमिनियमची बाटली, बुडाला पोचा, काळं बूच साखळीनं लटकलेलं, वर कॅनव्हासचं कव्हर. घरी आणून तपासली तर प्रत्येक परीक्षेला उतरली. कव्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईत 'एच' आणि चार आकडे होते. ही फौजेच्या धोबीखान्याची खूण, आडनावाचं पहिलं अक्षर आणि शिपायाच्या नंबरातले शेवटचे आकडे. तिच्याखाली त्याच शाईत, शिक्क्यानंच उठवलेलं, ई. हॉलिस हे नाव आणि एका गावाचं नाव. आणि त्याच्याही खाली, दिव्याकडे तिरकं धरलं तरच दिसेल असं, पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी. बाबांनी भिंग लावलं, मला बोलावलं, आईला बोलावलं. इंग्रजीत दोनच शब्द होते. कॅरल वॉक्स. कॅरल चालते.

"याची मुलगी चालायला लागली," बाबा म्हणाले. "घरून कळवलं असणार. हा बसला असेल कुठल्या तरी स्टेशनात, जवळ कुणी सांगण्यासारखं नाही, म्हणून पाण्याच्या बाटलीला सांगितलं." मी बाबांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आईनं हात पदराला पुसले, कव्हर दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ बघितलं. "लेकरू जवळ नव्हतं त्याच्या," एवढंच ती म्हणाली. त्या आठवड्यात ती अधूनमधून खोलीत जाऊन ते झाकण उघडून बघायची. मी पहिली पावलं टाकली तेव्हा बाबा इकडे फुजैरात होते आणि आम्ही दोघी सांगलीला, हे तिच्या मनात येत असणार.

पुढचं काम रॉय साहेबांनी केलं. त्यांची बहीण त्याच गावापासून दोन तासांवर राहत होती. ती तिथल्या चर्चमध्ये जाऊन विचारून आली. हॉलिस परत आलाच नव्हता, इराणात ट्रकच्या अपघातात गेला होता. त्याची कॅरल मात्र होती, पन्नाशीला आलेली, प्राथमिक शाळेत शिकवणारी. तिच्या आईनं दुसरं लग्न केलं आणि पहिल्या नवऱ्याची सगळी पत्रं त्या लग्नाआधी जाळून टाकली. आपल्या वडिलांचं अक्षर कसं होतं ते कॅरलनं जन्मात पाहिलं नव्हतं. बाटली पोस्टानं पाठवू का असं रॉयनी विचारलं तर ती फोनवर म्हणाली, नका पाठवू, हरवली तर? मी येते. रॉय साहेबांची बायको दर हिवाळ्यात फुजैराला यायची, तिच्याबरोबर ती निघाली.

कॅरल चहाला यायची त्या दिवशी बाबांची सकाळची पाळी होती. परस्पर रॉयच्या घरी जाऊन पाहुण्यांना घेऊन चार वाजता येतो असं सांगून ते गेले. जाण्याआधी त्यांनी बाटली खोलीतून आणून हॉलमधल्या टेबलावर, पांढऱ्या नॅपकिनवर ठेवली. मी बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास म्हणून कानात वॉकमन घालून माझ्या खोलीत बसले होते. आईनं करंज्या तळल्या, पाहुण्यांना झेपेल असा बिनतिखट चिवडा केला, वेलदोडे कुटले. तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला बाहेर आले आणि बाल्कनीकडे बघितलं. दोरीवर बाबांच्या टर्मिनलच्या दोन शर्टांच्या मध्ये, चिमटे लावून, हॉलिसच्या बाटलीचं कव्हर वाळत होतं.

"आई! व्हॉट डिड यू डू?" मी किंचाळलेच.

आई ओट्याशी उभी होती. बाटली तिच्या हातात होती, चिंच-मीठ लावून घासलेली, चांदीसारखी लखलखीत. "अगं, धुतलं. दुसऱ्याचं भांडं परत करताना धुऊन देतात की नाही? बापाचं भांडं आहे त्या बाईच्या. असं घामट, कळकट लेकीच्या हातात द्यायचं?" मग तिचा आवाज खाली गेला. "पण मिनू, इकडे ये ना जरा. ती अक्षरं... मी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता गं. घासलं नाही, चोळलं नाही, नुसतं साबणाच्या पाण्यात भिजत घातलं. इतकी वर्षं टिकलीत म्हटलं, एका पाण्यानं काय जातायत. तर पाणी जांभळं झालं."

ती साधी पेन्सिल नव्हती. ओली झाली की जांभळी होऊन फुटणारी, जुन्या काळी कचेऱ्यांत वापरायचे तसली कॉपिंग पेन्सिल होती, आणि हे बाबांनाही ओळखता आलं नव्हतं. काळ्या शाईतली धोबीखान्याची खूण जशीच्या तशी होती, नाव होतं, गाव होतं. खाली, जिथे कॅरल चालत होती, तिथे एक जांभळा डाग होता. आईला खोलीचे नियम माहीत होते, पण ते आपल्या घरात राहणाऱ्या वस्तूंचे. ही बाटली आता परत द्यायची होती, म्हणजे ती कुणाचं तरी भांडं झाली होती, आणि भांड्याचे नियम आईच्या आईनं तिला शिकवले होते. मला ते तेव्हाही कळलं होतं. बाटली मी हातात घेतली तर आत काहीतरी खुळखुळलं. "साखर घातलीय चमचाभर," आई म्हणाली. "रिकामं भांडं कसं परत द्यायचं?"

बाबांना वाटेत गाठायला तेव्हा मोबाईल नव्हते. चारच्या ठोक्याला बेल वाजली. कॅरल उंच, सडपातळ, फिक्या निळ्या फ्रॉकमधली बाई होती, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून आत आली. आईनं पंख्याखाली वाळवलेलं कव्हर बाटलीवर चढवून नॅपकिनवर ठेवलं होतं. बाबांना ते उंबऱ्यातूनच दिसलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी बघितला. ते टेबलाशी गेले, कव्हरचं झाकण उघडलं आणि ते उघडंच धरून उभे राहिले. "आय ॲम सॉरी, मॅडम," ते म्हणाले. "माय वाइफ हॅज वॉश्ड इट."

रॉय साहेब खुर्चीत बसले. कॅरलनं वाकून त्या जांभळ्या डागावरून बोट फिरवलं. मग बूच उघडलं आणि तिच्या तळहातावर साखर सांडली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी जमेल तसं सांगितलं, की आमच्याकडे कुणाचं भांडं परत करताना धुऊन देतात आणि रिकामं देत नाहीत. तिनं साखरेचे कण जिभेवर ठेवले आणि आईकडे बघून हसली. डोळे भरलेले होते, पण ते हसू शिष्टाचाराचं नव्हतं. एवढ्यावर निभावलं असतं. पण मग तिनं विचारलं, "हे कसं दिसत होतं? त्यांचं अक्षर कसं होतं?"

बाबा म्हणाले, "स्मॉल. लिटल स्लँटिंग." एवढंच. ते अक्षर त्यांनी भिंगातून कितीतरी वेळा बघितलं होतं, पण त्यांनी बघितलं होतं ते अस्सल आहे की नाही हे. आईला इंग्रजी बोलता यायचं नाही, कळायचं सगळं. ती उठली, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं जुनं पान आणि माझं बॉलपेन घेऊन आली आणि टेबलाशी जमिनीवर मांडी घालून बसली. "मिनू, सांग तिला. मी दाखवते. पहिलं अक्षर असं सुरू होत होतं, वरून नाही, मधूनच. आणि शेवटच्या अक्षराला खाली शेपूट होती, डावीकडे वळलेली." कॅरल खुर्चीच्या टोकाला सरकून बसली. आईनं कागदाला पेन टेकवलं, एक वळण काढलं, जराशी थांबली आणि डोळे मिटून घेतले.

बाबांनी वाकून तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"नो, नो. मॅडम, दॅट विल बी ओन्ली रिप्रॉडक्शन. इट विल नॉट बी जेन्युइन." आणि मग आईला, मराठीत, खालच्या आवाजात, "पुरे, सुलू. केलंस तेवढं बास झालं."

आईनं डोळे उघडले. खोलीत आम्ही इतकी माणसं होतो, पण परक्याच्या घरात कोण बोलणार, आणि घरचं माणूस म्हणजे मी, मी सतरा वर्षांची होते आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. कॅरल त्या अर्ध्या वळणाकडे बघत राहिली. "इट्स ऑल राइट," ती म्हणाली. "रिअली. इट्स ऑल राइट." आईनं कागद उचलला, चहा आणते म्हणाली आणि आत गेली. करंज्या कॅरलला आवडल्या. जाताना तिनं बाटली छातीशी धरली होती आणि गाडीत बसण्याआधी ती परत वळून आईला मिठी मारून गेली.

त्यावरून आमच्या घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे डबा घेऊन गेले, आई नेहमीसारखी संध्याकाळी भाताला फोडणी देत होती. फक्त शुक्रवारी ती म्हणाली, तुम्ही दोघं जा, माझे पाय दुखतायत. पाय पुढच्या शुक्रवारीही दुखले आणि त्याच्या पुढच्याही. डबा ती भरून द्यायची, दशम्या, चटणी, दही. आम्ही तो गुल खानच्या यार्डातच खायला लागलो, कारण वाटेत झाडाखाली थांबायचं सुचवायलाच कुणी नव्हतं. भरतकामात ती वेली, मोर, कोयऱ्या काढायची, अक्षरं घ्यायची नाही. कुणी सहीचा रुमाल मागितला की "आता डोळे साथ देत नाहीत" म्हणायची, आणि तिला तेव्हा चष्माही नव्हता. बाबांचाही नाद हळूहळू विझला. निवृत्त होताना त्यांनी सगळं सामान शारजाच्या एका छांदिष्ट माणसाला देऊन टाकलं आणि मागे वळूनही बघितलं नाही.

त्यानंतर आई खूप वर्षं जगली, आधी पुण्यात आणि मग इथे दुबईत माझ्याकडे. एवढ्या वर्षांत ते दोन शब्द तिच्या डोळ्यांत होते की पुसले गेले, मला माहीत नाही. एखाद्या दुपारी तिच्यापुढे कागद ठेवून "काढून दाखव ना" म्हणणं काही अवघड नव्हतं. बाबा म्हणाले नाहीत, आणि तो विषय काढला तर तिला लागेल असं वाटून मीही म्हणाले नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

मागच्या थंडीत मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. इंटरनेटवर नाव शोधत शोधत कॅरलनं मला गाठलं होतं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, आवाज कापरा, पण शब्द अजून शाळेतल्या बाईचे, स्वच्छ. थोडं इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, "तुझी आई आहे का गं जवळ? त्या दिवशी तुझ्या वडिलांसमोर बोलायचा मला धीर झाला नाही. पण तुझ्या आईनं ते अर्धवट वळण काढलं ना, ते मी विसरलेली नाही. त्यांना अजून आठवत असेल तर मला तेवढं काढून पाठवतील का? खरं-खोटं मला काही कळत नाही. मला फक्त बघायचंय." मी तिला सांगितलं की आई गेली. मग तिनं हळहळ व्यक्त केली, नीट, मनापासून, आणि फोन ठेवला.

बाबा समोरच सोफ्यावर होते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी सगळं मोठ्यानं पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, हातात धरून बसले.

"तिला सांगितलंस का, सुलूला येत होतं ते?"

"काय, बाबा?"

"बघून काढायला. तसंच्या तसं काढलं असतं तिनं. मला माहीत होतं ना. सांगितलंस का?"

"नाही सांगितलं."

"मग लाव. परत लाव फोन."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बहिऱ्या माणसासारखं ओरडून बोलले. "मॅडम, मीनल्स फादर हिअर. माय वाइफ वुड हॅव ड्रॉन इट करेक्टली. हंड्रेड परसेंट करेक्ट. आय न्यू दॅट. आय न्यू, अँड स्टिल आय टुक द पेन." पलीकडून कॅरल काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, बहुधा बाबांनाही नाही. ते नुसते मान हलवत राहिले आणि थोड्या वेळानं फोन माझ्याकडे दिला.

मला त्यांची दया आली आणि भयंकर रागही आला. इतकी वर्षं ती दोघं रोज सकाळी समोरासमोर बसून चहा प्यायली, आणि हे एवढं वाक्य बाबांनी बोलून दाखवलं ते समुद्रापलीकडच्या एका परक्या बाईला, इंग्रजीतून. ऐकायला आई हवी होती.